वाचकांचे प्रश्न : फोटोच्या मागे नाव लिहा

गेल्या अंकात मी बाबांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीबद्दल लिहिलं होतं, एका रोलमध्ये फक्त १२ फोटो, त्यातले दोन-तीन उन्हाकडे तोंड करून काढल्यामुळे वाया, आणि तरी तो कॅमेरा हातात मिळावा म्हणून आम्ही भावंडं किती भांडायचो ते. शेवटी सहज म्हटलं होतं की फोटोबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. त्यातले काही प्रश्न इथे घेतेय. नावं छापत नाही, फक्त कोण कुठून लिहितंय तेवढंच.

ताई, मी २७ वर्षांचा, हिंजवडीत जॉब. दीड वर्षापूर्वी ईएमआयवर मिररलेस कॅमेरा घेतला, दोन लेन्स, ट्रायपॉड, बॅग सगळं. पहिले सहा महिने वेड लागलं होतं, सिंहगडचा सनराइज, भिगवणचे फ्लेमिंगो, पावसाळ्यात ताम्हिणी. पण माझे फोटो बघितले की वाटतं हे तर सगळ्यांकडेच आहेत आणि माझ्यापेक्षा भारी आहेत. आता कॅमेरा कपाटात पडलाय. विकून टाकू का? (कोथरूड)

विकू नकोस रे. निदान ही थंडी जाऊ दे, का ते खाली सांगते.

भिगवणला काय होतं बघ. उजनीचं तेच बॅकवॉटर, सकाळची तीच वेळ, पक्षी त्याच उथळ पाण्यात, आणि होडीत तुझ्याशिवाय अजून चौघं तसलीच लांब लेन्स घेऊन बसलेले. मग पाचही जणांचे फोटो सारखे येणार नाहीत तर काय होणार. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. भिगवणला जरूर जा, पक्षी बघायला जा, पण तुझा म्हणावा असा फोटो तिथे मिळेल ही अपेक्षा घरी ठेवून जा. तो अशा ठिकाणी मिळतो जिथे तुझ्याशिवाय दुसरं कोणी जाऊच शकत नाही. तुझ्या आजीचं स्वयंपाकघर, तुमच्या सोसायटीचा वॉचमन रात्रपाळी संपवून नळावर डबा धुतो ती वेळ, तुझ्या ऑफिसच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेले तुझेच मित्र. तिथे दुसऱ्या कोणाला प्रवेश नाही, तुला आहे.

मी १९८६ साली जवळजवळ वर्षभर दर रविवारी मंडईत जायचे. पहिले दोन-तीन महिने जे काढलं ते सगळं फुकट होतं, भाज्यांचे ढीग, पाट्या, तराजू, वर तो अष्टकोनी मनोरा, दिसायला छान आणि आत काहीच नाही. मग एक दिवस कोथिंबीरवाल्या मावशी म्हणाल्या, अगं पोरी, दर रविवारी येतेस, नुसती बघून जातेस, एक जुडी तरी घे की. घेतली. पुढच्या रविवारी मेथी घेतली, मग त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, आणि कधीतरी त्यांनी माझ्याकडे कॅमेरावाली म्हणून बघायचं सोडून दिलं. मावशी गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायला बसल्या जागी गोणपाटाचा कोपरा उचलायच्या, खाली नाणी पसरलेली असायची, एका हाताने कोपरा धरलेला आणि दुसरा हात नाणी चाचपतोय पण नजर मात्र गिऱ्हाइकाच्या पिशवीवर. तो फोटो मला आठव्या महिन्यात मिळाला. पहिल्या रविवारीही त्या तेच करत असणार ना, पण मला दिसलंच नव्हतं. मला विचारशील तर फोटोग्राफीची सगळी गोडी या एका गोष्टीत आहे, की जे रोज समोर होतं ते एक दिवस दिसायला लागतं, आणि एकदा दिसायला लागलं की मग कॅमेरा नसला तरी दिसत राहतं.

दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट करायच्या आधी, १९१२ साली, वाटाण्याचं एक रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं. ज्यांना पैसे घालायला तयार करायचं होतं त्यांना त्यांनी दाखवलं काय, तर कुंडीतला वाटाणा! तू पण एक महिना एकच गोष्ट घे. एकच लेन्स लाव, ५० एमएम असेल तर ती, आठवड्याला ३६ फोटो इतकीच मर्यादा ठेव आणि काढल्या काढल्या मागच्या स्क्रीनवर बघायचं ते सेटिंग बंद कर. रविवारी एकदम बघ.

आता थंडीचं. मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते, डोळ्यांच्या खोबणीत काळं भरतं आणि नाकाखाली मिशी काढल्यासारखी सावली पडते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालासुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे ऊन तिरकं येतं, चेहऱ्याला आकार येतो. पहाटे पाचला उठून सिंहगड गाठायची गरजच नाही, तुझा लंच ब्रेक पुरेल, ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. नोकरी करणाऱ्या माणसासाठी पुण्यातले हे दोन महिने म्हणजे पर्वणी आहे आणि तुझा कॅमेरा कपाटात!

मावशी, मला एवढंच विचारायचंय की आता फोनमध्ये पोर्ट्रेट मोड, नाइट मोड सगळं आहे तर कॅमेरा घ्यायची गरज आहे का? बाबा म्हणतात पैसे वाया. (कॉलेज विद्यार्थिनी, डेक्कन)

आत्ता घेऊ नकोस, बाबांचं बरोबर आहे. फोनवर एक वर्ष मन लावून काढ, मग ठरव.

फक्त फोन काय करतो ते समजून घे म्हणजे अडेल तेव्हा कळेल कुठे अडलंय. चांगल्यातल्या चांगल्या फोनचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, आपल्या अंगठ्याच्या नखाहून लहान असतो, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ बाय २४ मिलीमीटर. लहान जागेत उजेड कमी गोळा होतो, म्हणून फोन एका फोटोच्या नावाखाली पटापट अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवतो. स्थिर गोष्टींना हे अफलातून चालतं. पण विसर्जन मिरवणुकीत अलका चौकात उभी राहा आणि ढोलवाल्या मुलीचा फोटो काढ, टिपरू कधी गायब असतं, कधी अर्धवट पुसलेलं, हवेतला गुलाल तर फोन चक्क डाग समजून साफ करून टाकतो. पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो ते पण अंदाजाने, गजऱ्याची सुटलेली फुलं आणि कपाळावरच्या बटा कापल्या जातात.

कॅमेऱ्यात तू सांगू शकतेस की शटर १/१५ सेकंद उघडं ठेव, मला टिपरू हललेलं हवंय आणि तिचा चेहरा स्थिर. दहातले नऊ बिघडतील. तो दहावा बघून तुझा विचार पक्का होईल किंवा बाबांचा, दोन्ही ठीक.

पानशेतच्या पुरात आमचं नारायण पेठेतलं घर गेलं, मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. सामानातून आईवडिलांच्या लग्नाचा एक फ्रेम केलेला फोटो तेवढा वाचला. पण तो भिजल्यामुळे काचेला चिकटलेला आहे आणि इतकी वर्षं तसाच आहे. एका कोपऱ्यात आता पापुद्रा सुटल्यासारखं दिसतंय. काच काढावी का? नातू म्हणतो हेअर ड्रायर लावू. (ज्येष्ठ वाचक, सध्या बाणेर)

आजोबा, कृपा करून हेअर ड्रायर लावू देऊ नका. आणि काच ओढूही नका. तुमचं पत्र वाचून मी त्या दिवशी दुसरं काही काम करू शकले नाही, खरंच सांगते. १२ जुलै १९६१ बद्दल आमच्याकडे आई नेहमी सांगायची, तिच्या माहेरचं शनिवार पेठेतलं बिऱ्हाड त्यात गेलं, भांडी चिखलातून काढून घासून वापरली पण फोटो एक नाही राहिला. माझे आजोबा कसे दिसायचे हे मला माहीत नाही. आई म्हणायची तुझ्या धाकट्या मामासारखे, आणि मामा म्हणायचा छे, माझ्यासारखे मुळीच नाही.

तर आता करायचं काय. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. जिलेटिन भिजलं की फुगतं, मऊ होतं आणि वाळताना काचेला धरून बसतं. ओढलं तर कागद हातात येतो आणि आईवडील काचेवर राहतात. म्हणून पहिलं काम, आहे त्या अवस्थेत, काचेसकट त्याचा फोटो काढून ठेवा, आजच. फ्रेम टेबलावर आडवी ठेवायची, दोन बाजूंनी दोन सारखे दिवे तिरके, साधारण ४५ अंशांत, कॅमेरा बरोबर वर. काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडतं, त्यासाठी काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढायची. आमच्या स्टुडिओत आम्ही काळी छत्री फाडून वापरायचो. नातवाला हे काम द्या, ड्रायरपेक्षा यात त्याचा उत्साह जास्त उपयोगी पडेल. हा फोटो चांगला आला की निम्मी लढाई जिंकली, कारण पुढे काही झालं तरी चेहरे सुरक्षित.

मग मूळ फोटो. पाण्यात भिजवून तो काचेपासून सुटू शकतो, सुटतातही, पण ६० वर्षांपेक्षा जुना, एकदा पुरात भिजलेला, त्यातून हाताने रंगवलेला किंवा शाईने काही लिहिलेला असेल तर पाण्यात रंग जाऊ शकतो. हे घरी करायचं काम नाही, जुन्या कागदांचं आणि फोटोंचं जतन करणारे प्रशिक्षित लोक असतात, म्युझियममध्ये चौकशी केलीत तर पत्ता मिळेल. तोपर्यंत फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात त्या भिंती ओल धरतात. आणि कोणी लॅमिनेट करून देतो म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा, ते परत कधी काढता येत नाही.

आता सगळ्यांसाठीच जरा लिहिते, कारण जुन्या फोटोंबद्दल अजून सात-आठ पत्रं आहेत. चिकट पानं आणि वर प्लॅस्टिक असे जे अल्बम ८०-९० च्या दशकात घरोघरी होते त्यातून फोटो हळूहळू काढून घ्या, तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरतो. निघत नसेल तर जबरदस्ती नको, पानासकट स्कॅन करा. बऱ्याच जणांनी विचारलंय की ७०-८० च्या सुमाराचे रंगीत फोटो कपाटात बंद असूनसुद्धा लाल का झाले? त्या काळच्या कागदांतला निळसर रंग अंधारातही उडत जायचा, मग लाल-पिवळं उरतं. त्याआधीचे ब्लॅक अँड व्हाइट चांदीवर असतात, नीट धुतलेले असले तर ते नातीच्या लग्नालाही तसेच राहतील. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्मच खराब व्हायला लागलीय, त्या आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा. स्कॅन किती बारीक करायचं ते डीपीआयमध्ये मोजतात, पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतो, ३५ एमएम निगेटिव्हला मात्र ३००० च्या आसपास घ्या. आणि एक कॉपी दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मुलाकडे, कुठेही, पण दुसऱ्या छपराखाली. पुराने आमच्या आईला हे शिकवलं होतं, लग्नानंतर ती प्रत्येक फोटोच्या दोन प्रिंट काढून एक मावशीला मिरजेला पाठवायची.

आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे नावं. आमच्या आजेसासूबाईंच्या वाड्यातला एक ग्रुप फोटो आहे, १४ माणसं, मागे तांब्याचा बंब, दोरीवर नऊवारी वाळतेय, भिंतीवर कसलंसं कॅलेंडर. नऊ जण आम्हाला माहीत आहेत. पाच जणांची नावं आता या जगात कोणालाच माहीत नाहीत. त्यातली एक मुलगी आठेक वर्षांची आहे, जोरात हसतेय, बाकी सगळे ताठ उभे आणि ही एकटीच हसतेय, आणि ती कोण हे सांगणारं माणूस मी विचारायच्या फक्त दोन वर्षं आधी गेलं. म्हणून म्हणते, आजोबा, नातवाला शेजारी बसवा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि लग्नाच्या त्या फोटोत कोण कोण आहे, लग्न कुठे झालं, आईच्या अंगावरचे दागिने कोणाचे होते, सगळं बोला. प्रिंटच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन उमटतं पुढे.

मी हडपसरला राहतो, दर वर्षी पालखीचे फोटो काढतो. यंदा एका वारकरी आजींचा क्लोजअप काढला तर त्या भयंकर चिडल्या, लोक बघायला लागले, मला फार लाज वाटली. पण विचारून काढलं तर नॅचरल फोटो येत नाही. काय करावं?

लाज वाटली हे चांगलं झालं, ती ठेव.

दादा, तुमच्या हडपसरचं भाग्य असं की दोन्ही पालख्या तिथून जातात आणि मग वाटा वेगळ्या होतात, माऊलींची दिवे घाटाने सासवडकडे, तुकोबांची लोणीकडे. त्याआधी पुण्यात मुक्काम असतो, भवानी पेठेत पालखी विठोबा आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबा. त्या मुक्कामात आजूबाजूच्या शाळा, वाडे, पार्किंग, सगळीकडे माणसं टेकलेली असतात, पाय चोळत, पातळ वाळत घालत, कुणी उघड्यावर अंघोळ करून कपडे बदलत. रस्त्यावर आहेत म्हणून ते सगळं आपल्याला बघायला मांडलंय असं नाही ना. ते त्यांचं त्या रात्रीचं घर आहे. मी एक नियम केलाय, आमच्या घरात अशा वेळी कोणी लेन्स आत घातलेली मला चालेल का? नाही, तर मग तिथेही नाही.

विचारून नॅचरल येत नाही हे मात्र मला पटत नाही. पहिले दोन फोटो ताठ येतात, खरंय. ते काढायचे. मग कॅमेरा खाली, कुठल्या गावच्या, कितवी वारी, गुडघे काय म्हणतात. दहा मिनिटांनी माणूस परत आपल्या कामाला लागतो आणि तुम्ही शेजारीच असता. वारीत तर विचारणं किती सोपं आहे, तिथे सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात. "माऊली, फोटो काढू का?" एवढं एक वाक्य. नाही म्हणाल्या तर नमस्कार करून पुढे.

आणि प्रिंट पाठवा. मी खिशात कोरी पोस्टकार्डं ठेवते आणि गाव, तालुका, जिल्हा त्यांच्याकडूनच लिहून घेते, लिहिता येत नसेल तर दिंडीतलं कोणीतरी लिहून देतं. एका वर्षी २३ जणांना पाठवल्या होत्या. परभणी जिल्ह्यातून एका नातीचं उत्तर आलं की आजीचा आयुष्यात एकटीचा असा हा पहिलाच फोटो, एरवी आधार कार्डावरचा. नंतर वर्षभराने तिचंच दुसरं पत्र आलं, आजी गेली, आणि भिंतीवर हार घालून तोच लावलाय. आता सांगा, तो फोटो न विचारता लांब लेन्सने ओढला असता तर तो कुठे असता? माझ्या हार्ड डिस्कवर.

मुलीच्या गॅदरिंगचा अख्खा डान्स मी फोनमधून बघितला. घरी आल्यावर ती म्हणाली आई तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. फोनमध्ये ४० हजार फोटो झालेत, एकही परत बघितला जात नाही. नवरा म्हणतो हे व्यसन आहे. (सिंहगड रोड)

व्यसन नाही हो, भीती आहे. मूल भराभर मोठं होतंय आणि हातातून निसटतंय ही. मला कळते ती.

अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी म्युझियममध्ये एक प्रयोग केला होता, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ज्यांचे फोटो काढले होते त्याच वस्तू लोकांना कमी आठवल्या. पण त्यात एक मजा आहे, ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग झूम करून काढला त्यांची आठवण मात्र कमी झाली नाही. म्हणजे नुसतं बटण दाबलं तर डोकं म्हणतं चला, ठेवलं कुठेतरी, आता मी कशाला लक्षात ठेवू, आणि निवडून, लक्ष देऊन काढलं तर तसं होत नाही.

तर गॅदरिंगला तीन फोटो. सुरुवातीला, आणि मग फोन पर्समध्ये, चेन लावून. स्टेजवरून तिला तुमचे डोळे दिसले पाहिजेत, फोनची पाठ नको. आणि वाढदिवस-गॅदरिंग सगळेच काढतात, तुम्ही रोजचं काढा, तिचे दारातले उलटसुलट बूट, भिंतीवर पेन्सिलीने लावलेली उंचीची खूण, डब्यात परत आलेली शेपूची भाजी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, दोघी मिळून ५० निवडा आणि ४ बाय ६ च्या प्रिंट काढून आणा. मागे काय लिहायचं ते तिला लिहू दे, तिच्याच अक्षरात. उरलेल्या ३९ हजार ९५० चं नंतर बघू, ते पुसायची घाई नाही.

लेन्सच्या आत पांढरी जाळी दिसतेय. बुरशी का? तांदळाच्या डब्यात ठेवू का? (वारजे)

बुरशीच. तांदूळ नको, त्याची पूड आत जाते आणि ओल काही फारशी शोषली जात नाही. ती लेन्स आधी बाकीच्यांपासून वेगळी करा, चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या, लवकर केलीत तर निघते, उशीर झाला तर काचेवरचं कोटिंग खाऊन कायमची खूण ठेवते. पुढच्या पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं ते, काटा ४० ते ५० मध्ये असला पाहिजे. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. आणि मुख्य म्हणजे वापरा. माझ्या पाहण्यात तरी रोज उजेडात फिरणारी लेन्स सहसा सडत नाही.

मॅडम, मी बिबवेवाडीत एका स्टुडिओत कामाला आहे. दिवसभर पासपोर्ट आणि फॉर्मचे फोटो. मान सरळ, इकडे बघा, झालं. मला खरं फोटोग्राफर व्हायचंय पण हे काम करून डोळाच मरेल असं वाटतं. तुम्ही पण स्टुडिओत होता ना? कंटाळा नाही यायचा?

यायचा रे. १९८४ ते ९५, अकरा वर्षं मी तेच केलं, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, दिवसाला ४०-५० चेहरे. पण माणूस त्या स्टुलावर बसताना काय करतो हे तू बघतोस का? दारातून येतो तो वेगळा, आरशासमोर खिशातला कंगवा फिरवतो तो वेगळा, आणि स्टुलावर बसला की एकदम शाळेतला मुलगा होतो. तू श्वास सोडा म्हणालास की खांदे खाली येतात, त्या एका सेकंदात दाब. पासपोर्टचे नियम सगळे पाळूनही तो फोटो त्या माणसाचा होऊ शकतो. डोळा मरणार नाही, चांगला तयार होईल, अरे रोज इतके चेहरे इतक्या जवळून बघायला कोणाला मिळतं?

एक गोष्ट सांगते, मी ही आधी कुठे लिहिलेली नाही. आमच्याकडे प्रत्येक निगेटिव्ह नंबर घातलेल्या पाकिटात ठेवायचे, पावतीवर तोच नंबर, परत कॉपी हवी असेल तर यायचं. पण जागा कमी, म्हणून दोन वर्षांपूर्वीची पाकिटं दर मार्चमध्ये निघायची. निगेटिव्हमध्ये चांदी असते, ती काढणारे लोक किलोवर घेऊन जायचे. मीच बांधून द्यायचे ती पोती. एकदा एक गृहस्थ आले, पावती जपून ठेवलेली, घडीवर फाटलेली. धाकटा भाऊ अपघातात गेला होता, घरात त्याचा मोठा असा एकही फोटो नाही, फॉर्मसाठी काढलेला तेवढा एक, त्याची निगेटिव्ह मिळेल का. तारीख बघितली, तीन वर्षं झालेली. मी तरी सगळे खोके उपसले. नव्हतीच, असणार कशी. माझ्याच हाताने गेलेली.

ते काही बोलले नाहीत, निघाले. जाता जाता भाऊ काय करायचा विचारलं तर म्हणाले लग्नकार्यात वाढपी म्हणून जायचा, या या केटररकडे. त्या केटररची लग्नं मी रविवारी स्वतःच्या कॅमेऱ्यावर करायचे आणि त्या निगेटिव्ह माझ्या घरी असायच्या, एकही फेकलेली नाही. त्यांना चार दिवसांनी या म्हटलं. चार रात्री मी लाइट बॉक्सवर भिंग लावून पंगती बघत होते, फक्त पंगती, नवरा-नवरी सोडून. वाढपी कडेला असतात, अर्धे कापलेले, पाठमोरे, हललेले. फॉर्मचा फोटो मला आठवत नव्हता त्यामुळे चेहरा माहीत नव्हता, म्हणून १९ फ्रेम निवडून छोट्या प्रिंट काढल्या आणि ते आले तेव्हा पुढ्यात मांडल्या.

सोळाव्यावर बोट ठेवलं त्यांनी. जिलबीचं ताट डाव्या हातावर पेललेलं, एका आजोबांकडे वाकून आग्रह करतोय, हसतोय. नखाएवढा चेहरा होता. मोठा केला तेव्हा ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, बाजरीएवढे झाले, एक कान फ्रेमबाहेर गेलेला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हाच, असाच वाढायचा. मग पेन्सिल मागितली, प्रिंट उलटी करून मागे पूर्ण नाव लिहिलं, आणि तारीख काय होती विचारलं. लग्नाची तारीख मी वहीतून काढून दिली.